जिवाणी

रोज सकाळी साडेसातला आई
माझ्या डब्याशेजारी पितळी गडू ठेवते,
तोंडाला फडकं बांधलेला. आत पेलाभर पाणी.
"जिथनं आलं तिथं सोड. उंचावरनं ओतू नको,
मार लागतो त्यांना."

त्यांना म्हणजे कुणाला, हे आमच्या घरात विचारायचं नसतं.
नळाचं पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळते,
फडकं उलटं करून गाळल्या पाण्यानंच विसळते.
ते विसळलेलं म्हणजे जिवाणी.
पूर्वी शुक्रवार पेठेतल्या मागच्या आडात सोडायची
बुडाला कडी असलेल्या बादलीनं,
पाण्याला टेकली की बादली हळूच कलंडायची,
झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तशी.
आड बुजला. त्यावर आता चार गाड्या लागतात.
मग तिनं चौकशी केली, नळाला पाणी येतं कुठनं?
बालिंग्याहून.
आणि बालिंग्याला तर लेकच नोकरीला.

मी तिथं पाणी तपासते.
तुरटी फिरवलेलं, वाळूतनं आलेलं, क्लोरीन दिलेलं.
नळापर्यंत त्यात जिवंत काही उरू नये
याचाच मला पगार मिळतो.
रजिस्टरात निरंक लिहून खाली सही करते,
सु. भू. मगदूम.
म्हणजे आईच्या गडूत कुणीच नसतं.
असलंच तर ती माझी चूक.

हे तिला सांगितलं नाही असं नाही.
दहावीपासून सांगत आले,
चातुर्मासात बटाटा का नको इथपासून
मोक्ष कुणी बघितलाय इथपर्यंत.
तेव्हा आण्णा होते. गूळ बाजारात अडत्याकडं दिवाणजी.
दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून
शाहूपुरीतनं सायकल हाणत यायचे,
आणि माझ्याशी वाद घालत बसलं तर उजेड जाईल
म्हणून ताटावरनं एवढंच म्हणायचे,
"बरं बाळ, तुझं तुला."
तेवढ्यावर मी एम.एस्सी. झाले.

पहिल्याच आठवड्यात एकदा उशीर झाला.
फुलेवाडीच्या नाक्यावर गाडी बाजूला घेतली
आणि गडू गटारात रिकामा केला.
संध्याकाळी आईनं विचारलं, "सोडलंस?"
"सोडलं."
तिनं मान हलवली. झालं.
तपासलं नाही काही.
पाप मी मानत नाही.
पण नमुना न घेता आकडा लिहिणारे माहीत आहेत मला,
त्यांच्या शेजारी बसून मी डबा खात नाही.

तेव्हापासून जाते.
जॅकवेलच्या खाली तेरा पायऱ्या, मग भोगावती.
वॉचमन हिंदुराव पाठ फिरवून तंबाखू मळत राहतो,
त्याला वाटतं मी कुणाची तरी रक्षा सोडतेय, थोडी थोडी.
मी वाकते, गडूचं तोंड पाण्याला लावते.
हात जोडत नाही.
गुडघा तेवढा ओला होतो.

रात्री घरी यायला नऊ.
दिवस मावळल्यापासून तिच्या तोंडात थेंब नाही,
तरी माझं ताट घेऊन समोर बसते.
भाकरी सांजेलाच करून फडक्यात गुंडाळलेली.
गाळलेलं पाणी तिच्या हिशेबात अठ्ठेचाळीस मिनिटं चालतं.
माझ्या नळ्या उबवणीत अठ्ठेचाळीस तास.
"तुमचे बरेच दमानं घेतात की गं," म्हणाली होती एकदा.

परवा विचारलं,
"तुला दिसतात म्हणे ते. भिंगातनं."
"दिसतात. नदीच्या कच्च्या पाण्यात."
"कसे असतात?"
"हलतात. धडकतात एकमेकांना. मग वळतात."
ऐंशी वर्षांत तिनं एकही बघितलेला नाही.
भिंतीकडं बघत राहिली बराच वेळ.
"तुला तर दिसतात," म्हणाली,
आणि पुढचं वाक्य गिळलं,
पाण्याशिवाय.

सकाळी गडू काठोकाठ भरलेला होता.
रंकाळ्यापासून बालिंग्यापर्यंत
मी सगळे खड्डे चुकवत गेले.